गुहेतला श्वास

पडद्यावरच्या लांडग्यानं वैमानिकाची पोटरी धरली आणि त्याला बर्फातून मागे ओढत नेलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईनं पर्स डोळ्यांसमोर धरली. मागे कुणाच्या तरी हातून लाह्यांचा डबा निसटला आणि लाह्या पायऱ्यांवरून सांडत खाली गेल्या. कुणी उचलायला वाकलं नाही.

"रक्त इतका वेळ लाल राहत नाही," त्या बाईच्या मागे बसलेली ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. "आणि इतकं पातळ तर नसतंच."

"गप बस ना जरा," नवरा म्हणाला. त्यानं दोन्ही पाय खुर्चीवर घेतले होते.

तिला हसू आलं. वीस वर्षं ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करत होती. रोज सकाळी साठ-सत्तर माणसं तिच्यापुढे बाही सरकवून बसायची आणि सुई दिसली की तोंड फिरवायची. त्यात दांडगे पुरुषच जास्त. तिला रक्ताची भीती नव्हती, सिनेमातल्या रक्ताची तर नाहीच. ती आली होती धाकट्या भावासाठी. या सिनेमातले सगळे आवाज त्यानं तयार केले होते. हे त्याचं पहिलं मोठं काम. आत्ता तो तिच्या डाव्या हाताला बसला होता आणि पडद्याकडे बघतच नव्हता. पडद्याच्या उजेडात तो लोकांचे चेहरे वाचत होता. कोण कुठे दचकतं, कोण खुर्चीचा हात घट्ट धरतं. लहानपणी आवाज बारीक म्हणून घरात त्याला चिमण म्हणायचे. डोक्यावरचे केस निम्मे गेले तरी नाव तेच राहिलं होतं.

विमान कोसळून जंगलात अडकलेल्या पाच जणांपैकी आता दोघेच उरले होते. कळप मागे लागला होता. धडपडत ते एका गुहेत शिरले, एकानं काडी ओढली, ती विझली. पडदा काळा झाला. आणि त्या काळोखात, अगदी जवळ, कुणीतरी श्वास घेतला.

लांडगा गुहेत आधीपासूनच होता.

एक लांब, खरखरीत श्वास आत गेला. मग घशात दोन आचके, एकाला लागून एक. मग काहीच नाही. आणि मग श्वास बाहेर पडता पडता शेवटी बारीकशी शीळ.

थेटर थिजलं. कुणीतरी "आई गं" म्हणालं, तेही दबक्या आवाजात, लांडग्याला ऐकू जाईल अशा बेतानं. नवऱ्यानं तिचं मनगट धरलं. आपण मोजतोय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती चारवर पोचली होती. आचका, आचका, एक, दोन, तीन, चार, शीळ. चारवर शीळ आली तर ठीक. सहापर्यंत लांबलं तर उशी उंच करायची. आठपर्यंत गेलं तर खांद्याला धरून हलवायचं.

हा तिच्या बाबांचा श्वास होता.

तिनं मनगट सोडवलं आणि उठली. अंधारात दोघातिघांचे पाय तुडवले. "बसा हो," कुणीतरी म्हणालं, आणि दुसरं कुणी, "जाऊ दे, घाबरल्यात."

बाहेरच्या बोळात टॉर्च घेऊन दारावरचा माणूस उभा होता. त्यानं तिचा चेहरा बघितला आणि न विचारता स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं.

"गुहेचा सीन ना? आजच्या दिवसात तुम्ही सातव्या. सकाळच्या खेळाला तर एका पैलवानाला पाणी द्यावं लागलं." तो जरा वाकून, खाजगीतलं सांगावं तसं म्हणाला, "खऱ्या लांडग्याचा आवाज आहे म्हणतात. महिनाभर बर्फात मुक्काम ठोकून मिळवलाय."

तिनं मान हलवली. स्टुलावर ती बसली नाही. दार परत उघडलं आणि भाऊ बाहेर आला. दोघांकडे एकदा बघून दारावरचा माणूस टॉर्च विझवत आत गेला.

"ओळखलंस तू," भाऊ म्हणाला.

"तिकीट घरी आणून दिलंस. शेजारी बसवलंस." तिचा आवाज चढला नव्हता. "मला सांगावंसंही वाटलं नाही तुला?"

"मला वाटलं नाही कळेल. खालच्या पट्टीत नेलाय, वर घरघर चढवलीय. आमच्या दिग्दर्शकालासुद्धा..."

"अकरा आठवडे मोजलाय मी तो, चिमण. उलटा वाजवलास तरी कळेल."

तो भिंतीला टेकला. भिंतीपलीकडून सिनेमाचं संगीत घुमत होतं. शब्द नाहीत, नुसता हादरा.

"माणसाचा जीव चालला होता," ती म्हणाली, "आणि तू माइक लावून बसलास."

"तसं नाही झालं. गोष्टी भरून घ्यायच्या होत्या बाबांच्या. लिफ्टच्या."

बाबांनी उभा जन्म लिफ्टदुरुस्तीत घालवला होता. कोण कुठल्या मजल्यावर किती तास अडकलं, याच्या गोष्टी त्यांच्याजवळ पोत्यानं होत्या. भावानं त्या दिवशी औषधांच्या फळीवर रेकॉर्डर ठेवला. बाबा दहा मिनिटं बोलले, मग थकले, डोळा लागला. तेवढ्यात प्राणवायूचं सिलिंडर संपत आलेलं दिसलं आणि भाऊ दुसरं आणायला धावला. रेकॉर्डर फळीवर चालूच राहिला. दोन तास.

"मी विसरूनच गेलो होतो. मग या सिनेमाचं काम आलं. मी जो लांडगा करून दाखवावा तो दिग्दर्शक परत पाठवायचा. पाळलेला वाटतो, म्हणायचा. अकराव्या वेळी मी काहीतरी भलतंच शोधत होतो आणि ही फाइल उघडली. मी घाबरलो, ताई. स्वतःच्या बापाला घाबरलो. मग वाटलं, मी घाबरलो तर लोक घाबरतीलच."

"म्हणून लांडगा केलास त्यांचा."

आत शेकडो माणसं एकदम किंचाळली आणि मागोमाग ओशाळून हसली. दोघांनीही दाराकडे बघितलं नाही.

"ते रेकॉर्डिंग मला दे," ती म्हणाली. "दोन तास म्हणालास ना? पूर्ण दोन तास दे. ते तुझं नाहीच. रात्रंदिवस मी होते तिथे. तू रविवारचा यायचास, द्राक्षं घेऊन."

द्राक्षं त्याला लागली. तो खाली बघायला लागला.

"पूर्ण नाहीये आता. श्वास तेवढा ठेवला. बाकीचं पुसून टाकलं."

"बाकीचं कसलं? बाबा तर झोपले होते."

भाऊ समोरच्या भिंतीवरचं पोस्टर बघत राहिला. त्यावरचा लांडगा काचेमागे जबडा उघडून उभा होता. तिनं पुन्हा विचारायला तोंड उघडलं, आणि तेव्हाच तिला ती दुपार आठवली. तिनं मागे हात करून स्टूल चाचपलं आणि बसली.

सिलिंडर आणायला तो गेला त्या दुपारी तिनं तिसऱ्यांदा चादर बदलली होती. पाठ भरून आली होती. घरी मुलगी तापानं फणफणली होती आणि तिच्याजवळ शेजारीण बसली होती. ओली चादर हातात घेऊन ती पलंगाच्या कडेला जमिनीवरच बसली आणि म्हणाली, मरा ना बाबा. मरा एकदाचे. आधी हळू म्हणाली, मग परत, आणि तिसऱ्यांदा ओरडून. नंतर उठली, तोंड धुतलं, भाऊ येईल म्हणून चहा टाकला. बाबा त्यानंतर नऊ दिवस जगले. हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"तू ऐकलंस," ती म्हणाली.

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"आणि त्यानंतर माझ्याकडे येतोस, जेवतोस, मुलीचा अभ्यास घेतोस."

"मग काय करायचं होतं मी?" तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "मी द्राक्षं घेऊन यायचो. तसं बोलायला आधी तुझ्याएवढं करावं लागतं ना, ताई. माझी तेवढीही लायकी नव्हती."

तिनं पदराची कड हाताच्या बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. रडू येत नव्हतं. कुणी भर रस्त्यात थोबाडीत मारावी आणि हात गालावर न्यायचंही सुचू नये, तशी ती बसून होती.

"तू स्वयंपाकघरात गेलीस," भाऊ म्हणाला, "नळ सोडल्याचा आवाज येतो. त्यानंतर बाबा हसतात."

"झोपले होते ते."

"नव्हते."

तिनं त्याच्याकडे रोखून बघितलं. "माझं मन राखायला काही जोडू नकोस. नसलेले आवाज जोडायचाच धंदा आहे तुझा."

"पुसलं नसतं तर आत्ता ऐकवलं असतं. तुझा आवाज कुणाच्या कानी पडू नये म्हणून पुसलं, त्यात तेही गेलं. अक्कल नव्हती मला."

"कसे हसले?"

त्यानं तोंड उघडलं. फ्लॉवरचा दांडा मोडून माणसाचं हाड मोडल्याचा आवाज काढणारा, कापडी पिशवीत पीठ भरून मैलभर बर्फ तुडवणारा माणूस. त्याला ते हसू काही काढता येईना. दोनदा प्रयत्न करून त्यानं सोडून दिलं.

"नाही जमत. नाकातून, एकदाच. आणि मग म्हणाले, 'आलो, आलो.'"

तिच्या बोटावरची पदराची कड सुटली.

लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आतून दार बडवायची, तोंडाला येईल ते बोलायची, मेकॅनिकच्या सात पिढ्या उद्धरायची. आणि बाबा पाना घेऊन वरच्या मजल्यावरून जिना उतरताना हेच ओरडत यायचे. शाळेला सुट्टी असली की दोघं त्यांच्याबरोबर जायची. पायरीवर बसून दोघांनी ते कितीदा तरी ऐकलं होतं.

"त्यांना राग नव्हता आला?" तिनं विचारलं.

"मला नाही तसं वाटलं," तो म्हणाला. "मी दोनदा ऐकलं."

तेवढ्यात दारं उघडली आणि लोक बाहेर पडू लागले. नेहमी सिनेमा सुटल्यावर असतो तसा गलका नव्हता. माणसं उजेडात डोळे किलकिले करून एकमेकांना चिकटून चालत होती. पर्सवाल्या बाईनं दारावरच्या माणसाला गाठलं. "असले सिनेमे का लावता हो तुम्ही," ती म्हणाली, "घरी जाऊन अंधारात जिना चढायचाय मला." दोन कॉलेजातली पोरं लांडग्यासारखी हेल काढून ओरडली, पण त्यांचाच आवाज त्यांना बरा वाटला नसावा, कारण ती मध्येच गप्प झाली. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत जिन्यापाशी थांबले होते आणि बायकोला सांगत होते, "रक्ताबिक्ताचं काही नाही गं. तो श्वास. तो श्वास काही कानातून जात नाही."

गर्दीतून नवरा आला. एका हातात तिची पर्स, दुसऱ्या हातात उरलेल्या लाह्या.

"कुठे नाहीशी झालीस? मी एकटा तिथे अर्धमेला झालो." मग तो भावाकडे वळला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "मानलं बुवा तुला. मला वाटलं, हा नुसता डबे वाजवत असेल. तो गुहेतला लांडगा कुठून पैदा केलास रे? खरा, की कुणाचं कुत्रं धरलं होतंस?"

भावानं तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

ती स्टुलावरून उठली. नवऱ्याच्या हातातून पर्स घेतली, खांद्याला लावली.

"आमचे बाबा आहेत ते," ती म्हणाली.

नवरा मोठ्यानं हसला. आजूबाजूच्या एकदोघांनी वळून पाहिलं, कारण त्या बोळात दुसरं कुणीच हसत नव्हतं. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग मेहुण्याकडे, मग परत तिच्याकडे. तोंडाकडे निघालेला लाह्यांचा हात तसाच राहिला.

"पुढे सरका हो," मागून कुणीतरी म्हणालं.

ती सरकली, आणि भावाचा दंड धरून जिना उतरू लागली.