मागचे दोन पाटे

ट्रक भरलेला असला की कुंदा झोपायची आणि रिकामा झाला की ओकायची. एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला श्यामलाला तीन खेपा लागल्या.

कुंदा आठव्या महिन्यातच जन्मलेली, हातात धरली तर कबुतराएवढी. दर आठवड्याला तिला कोल्हापूरला शाहूपुरीतल्या डॉक्टरांकडे वजनाला न्यायचं. डॉक्टर म्हणाले होते, एसटीच्या गर्दीत नेऊ नका, कुणाचा तरी खोकला लागेल. मग उरला घरचाच ट्रक. श्यामलाचे यजमान हंबीरराव गारगोटीजवळच्या वाडीतून ऊस भरायचे, मागे ट्रेलर जोडायचे आणि कोल्हापूरजवळच्या साखर कारखान्यावर जायचे. जाताना ट्रक भाराने दबलेला, म्हणून बरा चालायचा. येताना मात्र रिकामा ट्रक खड्ड्याखड्ड्याला असा उडायचा, की श्यामलाच्या दातांवर दात आपटायचे. घर येईपर्यंत कुंदाने प्यालेलं सगळं श्यामलाच्या पदरावर. वजन वाढायचं कशानं?

सासूबाई, म्हणजे आक्का, एकदा अंगणात म्हणाल्या, "अगं, केबिनात झोळी बांध की. वरच्या दांडीला लुगडं बांधलं की झालं. पोराला गचकाच लागत न्हाय. ही तानाबाई बघ, पोराला झोळीत टाकून दिवसभर ऊस तोडतीया."

तानाबाई तिथंच होती. फडावर ऊस तोडायला डोंगराकडून आलेल्या टोळीतली ती, आडावर घागर भरायला आली होती.

"आक्का, आपण काय ऊसतोडीची माणसं आहोत का, पोर असं टांगून ठेवायला?" श्यामला म्हणाली. बोलून गेल्यावर तिला जाणवलं, की राहटाचा आवाज थांबलाय. तानाबाईनं घागर कमरेवर घेतली आणि ती गेली. श्यामला मंगळवार पेठेतल्या मास्तरांची मुलगी, बीएस्सी. घर सारवणं, धारा काढणं, भाकऱ्या थापणं यात ती डिग्री कुठंच लागत नव्हती. निदान पोरीच्या बाबतीत तरी ती लागावी, असं तिला वाटे.

म्हणून ती ट्रकच्या मागे लागली. मागच्या चाकांवर भार आणि धक्के झेलणारे स्प्रिंगचे पोलादी पाटे एकावर एक रचलेले. त्यातले दोन कंपनीचे नव्हतेच. ट्रेलर ओढायचा म्हणून हंबीररावांनी ते जास्तीचे घातले होते.

"त्या दोन पाट्यांनीच ट्रक एवढा ताठ झालाय," ती म्हणाली. "काढून टाका."

"आणि ट्रेलर वडायचा कुणी? तुझ्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलनं?"

"ट्रेलर इंजिन ओढतं हो, पाटे नाही ओढत! त्याला त्याची चाकं आहेत, त्याचा भार त्याच्यावर. आपल्या पाट्यांचा काय संबंध?"

तिनं राखेत बोटानं चाकं काढली, बाण काढले. हंबीरराव उकिडवे बसून बघत राहिले. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण बायकोच्या शिक्षणाचं त्यांना भारी कौतुक. शाहूपुरीत गुंडू मिस्त्रीच्या गॅरेजात त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "आमच्यात बीएस्सी हाय. काढ दोन पाटं."

"बीएस्सी म्हंत्यात तर काढतो की," गुंडू म्हणाला. "फुडं काय झालं तर मला हाक मारू नगासा, वहिनीसाबास्नी मारा."

सगळं गॅरेज हसलं. श्यामलाही हसली.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर ट्रक खरंच मऊ चालला. कुंदा घरापर्यंत झोपली. श्यामला केबिनमध्ये ताठ बसून बाहेरचा ऊस बघत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला आपलं शिक्षण आठवून बरं वाटलं.

पुढच्या खेपेला ट्रेलरचा पुढचा भाग नेहमीपेक्षा जास्त भरला गेला. ट्रेलरचा दांडा ट्रकच्या मागच्या टोकाला अडकवलेला. तो सगळा भार खाली दाबू लागला, ट्रकचा मागचा भाग बसला आणि पुढची चाकं हलकी झाली. चढाला लागल्यावर हंबीरराव म्हणाले, "स्टेरिंग हाताला लागंना झालंय." दांडा रस्त्याला घासून खरखरत होता. ट्रेलरचा भार आपल्यावर येत नाही, असं तिनं राखेत काढून दाखवलं होतं. ते बाण तिच्या डोळ्यांपुढे आले, आणि तेवढ्यात बंदूक उडावी तसा आवाज झाला. पाटा तुटला. ट्रक एका अंगाला कलला, दोर ढिले पडले आणि उसाच्या मोळ्या रस्त्यावर घसरल्या. वर टोळीची माणसं बसली होती. तानाबाईनं पोर छातीशी धरून उडी मारली. पोराला खरचटलंसुद्धा नाही. तिचा हात मात्र मनगटात वाकडा झाला.

माणसं जमली.

"काय रं हंबीरा, पाटं कुठं गेलं तुझं?"

"काढलं."

"कुणाच्या अकलेनं?"

"माझ्याच. मीच काढाय लावलं."

"पाटं विकून बंगला बांधतूयस व्हय?"

श्यामला केबिनमध्येच होती. तिनं तोंड उघडलं. नुसतं "मी" एवढं म्हणायचं होतं. हंबीररावांनी एकदाच वळून बघितलं आणि ते दोन पावलं सरकून दाराला पाठ लावून उभे राहिले. त्यांच्या रुंद पाठीआड ती दिसेनाशी झाली. आणि तिला बरं वाटलं. तेच तिला नंतर खात राहिलं, की त्या पाठीमागे तिला बरं वाटलं होतं. कुंदा मांडीवर गाढ झोपली होती.

हंबीररावांनी तानाबाईला जीपनं कोल्हापूरला नेऊन हाताला प्लास्टर घालून आणलं. पाटे परत बसवले. घरात अवाक्षर काढलं नाही. फक्त जेवताना विचारलं, "मग कुंदाला आता कसं न्ह्यायचं?" ते रागावले असते तर तिला घास तरी गिळवला असता.

दुसऱ्या दिवशी तिनं आक्कांकडं जुनं लुगडं मागितलं. आक्कांनी काही न विचारता दिलं. कुंदाला त्यांच्यापाशी ठेवून ती फडाकडं निघाली.

तानाबाई खोपीपुढं बाभळीखाली बसलेली. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला. पोर पोत्यावर रडत होतं. एका हातानं त्याला उचलायचं कसं आणि झोळी बांधायची कशी?

"या मालकीणबाई," ती म्हणाली. "पाटं मोजाय आलासा?"

श्यामलाचा चेहरा तापला. "तानाबाई, ते पाटे यांनी नाही, मी..."

"ठावं हाय की. गुंडू मिस्त्री काय तोंड शिवून बसतूय व्हय? आख्ख्या फडाला ठावं हाय."

"मग त्या दिवशी कुणी बोललं का नाही?"

"मालक तुमास्नी झाकत हुतं. नवरा बायकूला झाकतूया, मधी आमी कशाला तोंड घालावं?" तानाबाईनं रडणाऱ्या पोराकडं बघितलं. "तुमीच बोलताय का, बघत हुतो आमी."

म्हणजे ती लपली असं फक्त तिलाच वाटलं होतं. टोळीतला प्रत्येक माणूस त्या पाठीआडून तिला बघत होता.

"मला झोळी बांधायला शिकव," ती खाली मान घालून म्हणाली. "ट्रकात बांधायची आहे."

"ऊसतोडीची झोळी?"

"हो."

तानाबाईनं तिच्या हातातल्या लुगड्याकडं बघितलं. पोराचं रडणं चढत गेलं.

"मग आधी ह्येला बांधा," ती शेवटी म्हणाली. "माझा हात चालत न्हाय, त्यो कशानं ठावंच हाय. त्या फांदीला. तशी न्हवं, सुटंल. दोन डाव गुंडाळा. आता खालनं आत घाला. आता लोंबा."

"म्हणजे?"

"पोर घालायच्या आधी आपला भार टाकून बघावं लागतं, बाई."

श्यामलानं दोन्ही हातांनी लुगडं धरलं आणि पाय उचलले. फडातून मोळ्या घेऊन येणारी माणसं थांबून बघू लागली. कुणीतरी हसलं. गाठ सरकली नाही. तिनं पोराला उचलून झोळीत ठेवलं आणि हलकेच झोका दिला. पोर हुंदके देत गप्प झालं.

"सोडून बांधा परत," तानाबाई म्हणाली. "एकदा बांधून हाताला बसत न्हाय. आन् उद्या या. माझा हात बरा होईस्तवर रोज यायचं."

"येते," श्यामला म्हणाली. तिनं पोराला कडेवर घेतलं आणि दातांनी गाठ सोडवू लागली.