तुझा काय म्हणतो?

केल्विनने दुफाट्यावर गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं आणि डॅशबोर्डवर शेजारीशेजारी लावलेल्या दोन फोनांकडे बघून मांडीवर थाप मारली.

"घ्या! जुंपली एकदाची."

काळा फोन त्याचा. तो पुरुषी आवाजात सांगत होता, डावीकडे वळा. पांढरा फोन नोएलीनचा. त्यातली बाई गोड सुरात म्हणत होती, सरळ जात राहा. दोघं एकमेकांचं बोलणं तोडत होते, लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या नवराबायकोसारखे. गाडीत बसलेलं जोडपंही तेवढंच जुनं होतं.

"तुझा काय म्हणतो?" केल्विनने विचारलं.

"ऐकू येतंय की तुला. सरळ म्हणतो. डांबरी सडक सोडायची नाही."

"माझा म्हणतो, डावीकडे. अडतीस किलोमीटर वाचतात."

"तुझा फोन तुझ्यासारखाच. जवळचा रस्ता म्हणून कुठे नेऊन घालील, नेम नाही."

"आणि तुझा तुझ्या आईसारखा. डांबर संपलं की घाबरतो."

नोएलीन हसली. हा खेळ पाच महिने चालला होता. जुलैत, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ऐन थंडीत, केल्विनने हा काळा फोन आणला आणि तेव्हापासून घरात आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं असा कारभार सुरू झाला. कुणाचा फोटो चांगला, कुणाची बॅटरी टिकते, भर उन्हात कुणाच्या काचेवर अक्षर दिसतं. गाडीत बसलं की दोन्ही फोनांना एकच ठिकाण सांगायचं आणि ज्याची पोचायची वेळ चुकेल त्याच्या मालकाने त्या दिवशी भांडी घासायची. गाडीत चार्जरची जागा एकच होती, तीही मागच्या खेपेला जिंकलेल्याला मिळायची. आज ती काळ्याकडे होती.

पूर्वी केल्विनला फोनचं वावडं होतं. एकतीस वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याने पश्चिम क्वीन्सलँडच्या या भागात टपालाची गाडी चालवली होती. हातात नकाशा घेतलेला माणूस दिसला की तो गालातल्या गालात हसायचा. अशा माणसाने म्हातारपणी फोनच्या नादी लागावं याची नोएलीनला गंमत वाटायची.

म्हणूनच त्याने चाक डावीकडे वळवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "लेकीला, जोडीला, डांबरीने येतो म्हणून सांगितलंय."

"अर्धा तास आधी पोचलो तर काय रडेल तुझी लेक?"

"तुझीच रीत आहे म्हणून बोलले."

रीत खरंच त्याची होती, आणि या मुलखात सगळ्यांचीच. निघताना कुठल्या रस्त्याने येतो आणि किती वाजता पोचतो ते सांगायचं, आणि एकदा सांगितलेला रस्ता बदलायचा नाही. बदललात तर शोधायला निघालेली माणसं भलतीकडेच शोधत राहतात. टपालाच्या फेऱ्यांमध्ये केल्विनला दोनदा अशा चुकलेल्या गाड्या सापडल्या होत्या. एकदा वेळेवर, एकदा उशिरा. उशिराच्या गाडीबद्दल तो घरात कधीच बोलला नव्हता. फक्त जोडीच्या हातात गाडीची किल्ली दिली त्या दिवशी त्याने ही रीत तिच्याकडून तीन वेळा म्हणवून घेतली होती.

नातीचा, टिलीचा आज सातवा वाढदिवस. केक बर्फाच्या पेटीत होता. चार वाजता पोचतो असं सांगितलं होतं आणि आता एक वाजला होता. बाहेर चव्वेचाळीस अंश. गाडीचा एसी गेल्या उन्हाळ्यातच गेला होता. उघड्या काचांतून येणारा वारा भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारखा लागत होता.

वीसेक किलोमीटरनंतर पांढऱ्या फोनमधली बाई गप्प झाली. नोएलीनने फोन हातात घेतला. नेटवर्क गेलं होतं. नकाशाच्या जागी नुसता करडा चौकोन आणि त्यात एक निळा ठिपका.

"गेला?" केल्विन खुशीत म्हणाला. "माझा बघ. सगळा जिल्हा उतरवून ठेवलाय त्यात. रेघ न् रेघ. नेटवर्क असो नसो."

"सगळा जिल्हा? तो कशाला?"

"असावा."

पाठ असलेला धडा कुणी उतरवून घेतं का? नोएलीनच्या मनात पाल चुकचुकली. तिने पाण्याची बाटली उघडली, आधी त्याला दिली, मग आपण दोन घोट घेतले. मागे वीस लिटरचा डबा होता. तो होता हे तिला माहीत होतं, तरी तिने मान वळवून खात्री करून घेतली.

पुढे कुंपण आलं आणि कुंपणात फाटक. ते सताड उघडं होतं. गाडी आत घेऊन केल्विनने ब्रेक मारला.

"उतर. बंद कर."

नोएलीनला वाटलं, थट्टा करतोय.

"बघतेस काय? बंद कर ना. गुरं बाहेर जातील."

ती उतरली. बुटांच्या तळव्यांतून जमिनीचा चटका बसला. फाटक तारेने खांबाला मागे बांधलेलं होतं, दोन पक्के पीळ देऊन. कुणीतरी मुद्दाम उघडं ठेवलेलं. फाटकातून खुरांच्या खोल वाटा इकडून तिकडे गेल्या होत्या आणि दूर, कुंपणाच्या आतल्या बाजूला, पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीचं पातं हळूहळू फिरत होतं. पाणी तिथे होतं. गुरं बाहेरच्या कुरणात चरत होती.

लग्नाच्या पहिल्या वर्षी समुद्रकाठाहून आलेल्या नोएलीनने असंच एक उघडं फाटक नीटनेटकेपणाने लावून घेतलं होतं आणि संध्याकाळी मोठ्या अभिमानाने ते सांगितलं होतं. केल्विन ताटावरून उठला होता. नव्वद किलोमीटर मागे जाऊन, फाटक उघडून, पहाटे परत आला होता. "फाटक जसं असेल तसं सोडायचं," तो म्हणाला होता. "उघडं तर उघडं, बंद तर बंद. पलीकडे पाणी असतं, नोएलीन." त्यानंतर पहिली सहा वर्षं ती त्याच्याबरोबर फेरीला जायची, तो गाडी चालवायचा आणि ती फाटकं उघडायची. या भागातली एकूण एक फाटकं तिच्या हातांखालून गेली होती. तो नियम तिने पुन्हा मोडला नाही. आणि ज्याने तो शिकवला, तोच आज गाडीच्या आरशातून बघत होता की बायको फाटक लावते की नाही.

  केल्विनला रस्ता आठवत नसेल, तर ते एक वेळ ठीक. रस्ता कुणीही विसरतं. पण फाटक तो विसरला होता.

ती खांबाआड वाकली, तारेला हात लावला, तशीच थोडा वेळ उभी राहिली. आरशात धुळीपलीकडचं फाटक धड दिसणार नव्हतं. मग पाठ गाडीकडे ठेवून हात झटकले आणि येऊन बसली.

"केलं."

"छान." त्याने गाडी सुरू केली. "तुझा काय म्हणतो?"

तिचा फोन काहीच म्हणत नव्हता, हे मघाशी त्यानेच तर खुशीत सांगितलं होतं.

मग तिला एकेक आठवू लागलं. गावातल्या औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर, तुझा काय म्हणतो. चर्चहून निघताना, तुझा काय म्हणतो. ऑक्टोबरात त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी, घराचं पिवळं दार समोर दिसत असताना, तुझा काय म्हणतो. तिला ती फुशारकी वाटायची. तीही दर वेळी हौसेने सांगायची आणि त्याला खिजवायची. पाच महिने तो तिला घरचा रस्ता विचारत होता आणि ती भांडी कोण घासणार ते ठरवत होती.

"केल," ती म्हणाली, "मी चालवू का थोडा वेळ?"

 चाकावरची त्याची बोटं आवळली, नखं पांढरी झाली. तिने तो विषय तिथेच सोडला.

आणखी दोन फाटकं गेली. दोन्ही बंद होती. तिने ती उघडली आणि लावली. मग जमीन सपाट झाली आणि समोर चाकांच्या तीन वाटा फुटल्या. नेमकं तेव्हाच काळ्या फोनने टिक् असा आवाज केला. काचेवर एक ओळ उमटली: फोन फार तापला आहे, थंड झाल्यावर वापरा. मग तीही गेली.

केल्विनने गाडी थांबवली.

त्याने फोन काढला, शर्टाला पुसला, त्यावर फुंकर घातली. बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"असा कसा बंद पडला?" त्याच्या आवाजात राग नव्हता. टिली रात्री खोलीतला दिवा गेल्यावर बोलते तसा तो आवाज होता.

"आण इकडे." नोएलीनने फोन बर्फाच्या पेटीत, केकच्या डब्यावर ठेवला आणि झाकण लावलं.  

उभ्या गाडीत वारा नव्हता. पत्रा कडकड वाजत होता. तीन वाटा, तिन्ही सारख्या. जोडी पाच वाजता फोन करणार, साडेपाचला पोलिसांना सांगणार, आणि पोलीस डांबरीवर शोधणार. मागे फिरावं तर तेही तेवढंच लांब. आणि मागे फिरायचं तर का, ते त्याच्या तोंडावर बोलावं लागलं असतं. तिला मरणाची भीती वाटली, आणि त्याहून जास्त भीती त्या बोलण्याची वाटली.

"आता?" केल्विन म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, "तुझा काय म्हणतो?"

नोएलीनने पांढरा फोन हातात घेतला. करडा चौकोन, निळा ठिपका, कोपऱ्यात तांबडी पडलेली बॅटरी. तिने डोळे बारीक करून त्या चौकोनात बघितलं. त्या सहा वर्षांत ती कधी रस्ता बघत नव्हती. रस्ता त्याचा होता, तिची फाटकं होती. खांदा लावल्याशिवाय न हलणारं एक. कडीला गांधीलमाश्यांचं पोळं असलेलं एक. आणि कुणा काटकसरी माणसाने जुन्या पलंगाची लोखंडी चौकट टांगून केलेलं एक. पलंगाच्या आधी कुठलं होतं? माश्यांचं, आणि ते मघाशीच गेलं. त्यानंतर मधल्या वाटेने पलंग. की उजव्या वाटेने?

"मधली," ती म्हणाली. "मधल्या वाटेने जा. सहा किलोमीटर."

त्याने विचारलं नाही. गाडी मधल्या वाटेला लागली.

सहा किलोमीटर झाले. सात झाले. काही आलं नाही.  आपणच दोघांना खड्ड्यात घातलं, असं नोएलीनला वाटलं. टिली मेणबत्त्या घेऊन केकची वाट बघत बसेल. जोडी खिडकीत उभी राहील. आठव्या किलोमीटरला हातातल्या फोनची काच काळी झाली. बॅटरी संपली होती. तिने फोन खाली ठेवला नाही. तसाच डोळ्यांसमोर धरून बसली.

आणि मग झुडपांच्या वर काहीतरी चमकलं. कुंपणात उभी केलेली पलंगाची चौकट. उशाकडचे पितळी गोळे अजून शाबूत होते. ती बंद होती.

"हं," ती म्हणाली.  "इथून उजवीकडे. बारा किलोमीटर, मग डांबरी."

ती उतरली, फाटक उघडलं, गाडी आत आल्यावर लावलं. पितळी गोळ्यावर तिने हात ठेवला आणि चटका बसला तरी थोडा वेळ तसाच ठेवला. रडू येत होतं, पण रडायला अंगात पाणीही हवं. येऊन बसली तेव्हा फोन सीटवर पडलेला होता, काच वर करून. केल्विन त्याच्याकडे बघत होता. त्या काचेत नकाशा नव्हता, ठिपका नव्हता, काही नव्हतं. त्याने ते पुरेसा वेळ बघितलं. मग फोन उचलून तिच्या हातात दिला आणि गाडी सुरू केली.

गाडी उजवीकडे वळली.

"नोएलीन."

"हं."

"मघाचं ते फाटक. बंद नाही ना केलंस?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो समोर बघत होता.

"नाही," ती म्हणाली.

"बरं केलंस. पलीकडे पाणी असतं."

समोरून धूळ उडवत एक ट्रक आला. केल्विनने चाकावरून एक बोट उचललं, इथे सगळेच उचलतात तसं. ट्रकवाल्यानेही उचललं. तो कोण होता ते केल्विनने विचारलं नाही, आणि नोएलीननेही सांगितलं नाही. बर्फाच्या पेटीत काळा फोन आता थंड झाला असेल, हे दोघांनाही माहीत होतं. कुणीच झाकण उघडलं नाही.

"मानलं तुझ्या फोनला," थोड्या वेळाने तो म्हणाला. "आज भांडी माझ्याकडे."

पुढे वाटेला आणखी एक फाटा फुटलेला दिसला. त्याने वेग कमी केला. पाय ब्रेकवर ठेवला आणि या वेळी मान वळवून सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं.

"तुझा काय म्हणतो?"

नोएलीनने मेलेला फोन उचलून डोळ्यांसमोर धरला. काळ्या काचेत तिला तिचाच चेहरा दिसला, धुळीने माखलेला.

"डावीकडे म्हणतो," ती म्हणाली. "आणि म्हणतो, घाई नाही. हळू घे."