एका उंचीची जोडी

ट्रक बघायला परळीला जायाचं ठरलं आणि आमच्या तात्यानं धुतलेलं धोतर नेसलं, खांद्यावर उपरणं टाकलं, हातात काठी घेतली. तवाच मी मागं फिरायला पाहिजे होतं.

आसाराम तात्या म्हणजे माझा थोरला चुलता. केज तालुक्यात बैल पारखावा तं त्यानंच. त्यानं निवडलेला बैल कधी औताला बसला न्हाई अशी ख्याती. मी आणि माझी बायको शिवकन्या ऊस तोडायचो. त्या तोडीच्या पैशात तात्यानं आपली शेवटची बैलजोडी विकून भर घातली, आणि माती उकरायचा जुना पोकलेन घेतला. पोकलेन दारात आला त्या दिवशी तात्या त्याच्याभोवती चकरा मारून म्हणला, "खातोय लई, पर अंगानं बरा हाय."

पोकलेनची अडचण एकच. त्याला रस्त्यानं चालवता येत न्हाई. चालला तं डांबर उकरतो. एका गावाहून दुसऱ्या गावाला ट्रेलरवर बसवूनच न्यावा लागतो. आणि भाड्याचा ट्रेलरवाला फोनवर 'निघालोच' म्हणतो तवा अंघोळीला निघालेला असतो. त्याच्यापायी हातची कामं गेली. म्हणून आपलाच ट्रक-ट्रेलर घ्यायाचा ठरला, आणि तेवढ्यात उमापूरचं काम आलं. पाऊस पडायच्या आत तळ्यातला गाळ काढायचा होता. ठेकेदार विजयसिंह म्हणला, "बंकट, गुरुवारी सकाळी मशीन तळ्यात पाहिजे. न्हाई आली तं दुसरी बोलावीन, आन् तू मला पुन्हा तोंड दाखवायचं न्हाई."

शिवकन्येनं कोयता खुंटीला टांगून ठेवला होता. "उमापूरचं काम नीट झालं तं चार लोक बोलावतील," ती म्हणली. "न्हाई झालं तं दसऱ्याला टोळीत तुमी एकटे जावा. मी काय पुन्हा कोयता हातात धरणार न्हाई."

मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. अर्ध्या कोयत्याला मुकादम चहासुद्धा इचारत न्हाई. तवा ट्रेलर बरा मिळाला तं मी पोकलेनवाला, न्हाई तं अर्धा कोयता.

परळीत हरिओम नावाचा माणूस जुने ट्रक-ट्रेलर इकतो. समद्या गाड्या थर्मलच्या राखेनं पांढऱ्या झालेल्या. माझ्यासंग रामेश्वर होता, माझा दोस्त आणि आमचा होणारा ड्रायव्हर. तो आत शिरला तो थेट एका बुटक्या ट्रेलरपाशी गेला.

"बंकट, डोळे झाकून हाच घे. लो-बेड. मधून खाली हाय, म्हंजे वर मशीन ठेवली तरी उंची कमी राहती."

तात्यानं ट्रेलरच्या पोटाला काठी लावली. "हा बसलाय की बे!"

"बसला न्हाई तात्या. तो असाच असतो."

"मंग बसक्या जातीचा हाय. बसका बैल एकदा चिखलात बसला तं उठत न्हाई. आन् त्या ट्रकच्या जोडीला हा? एका बाजूला खिल्लार, एका बाजूला बोकड? जोडी कशी एका उंचीची पाहिजे."

"तात्या, हे शेजारी-शेजारी न्हाई जुंपायचे. एकामागं एक चालतेत."

"मंग तं लोकांला आणखीनच दिसंल."

मी हसलो. तात्या हसला न्हाई. त्यानं ट्रकची परीक्षा सुरू केली. "जबडा उघड," असं हरिओमला म्हणला. हरिओमला वाटलं म्हातारा मोठा मिस्त्री हाय. त्यानं घाईघाईनं बॉनेट उचललं. तात्यानं आत वाकून वास घेतला. मडगार्डावरनं हात फिरवला. बैलाच्या अंगावरचे भोवरे बघावेत तसे गंजाचे डाग बघून "भोवरा वाईट जागी न्हाई" म्हणला. मंग हुकूम सोडला, "आता चालवून दाखीव."

हरिओमनं ट्रक चालवला. मागून तात्या, काठी टेकीत, चाकांकडं बघत.

"थांब! मागचा डावा पाय फेकतोय."

रामेश्वरनं खाली वाकून बघितलं. मागच्या डाव्या चाकाचे नट खरंच ढिले होते.

झालं. तिथंच आमचं नशीब ठरलं. एका ढिल्या नटानं माझी आणि रामेश्वरची अशी बोलती बंद केली की पुढं तात्यानं रेल्वेचं इंजन निवडलं असतं तरी आमी मान हलवली असती. हरिओम तं त्याला 'गुरुजी' म्हणायला लागला.

सौदा बैलबाजाराच्या रीतीनंच झाला. तात्यानं हरिओमचा हात उपरण्याखाली घेतला आणि बोटं दाबायला लागला.

"काका, हात कावून धरला माझा?"

"भाव सांगतोय बे. बोटं मोज."

"मला गुदगुल्या होतेत, काका."

"गुदगुल्या झाल्या तं एक बोट सोड."

हरिओम हसत राहिला, तात्या बोटं सोडवीत राहिला, आणि भाव पडला. तात्यानं ट्रक घेतला आणि त्याच्या मापाचा उंच सपाट ट्रेलर घेतला. लांबून बघितलं तं जोडी खरंच देखणी होती. तीच तं मोठी खोड.

बुधवारी सकाळी बांधावरनं पोकलेन ट्रेलरवर चढवला. चढवल्यावर त्याच्या केबिनचं डोकं आमच्या घराच्या पत्र्यावरनं पलीकडचं शेत बघायला लागलं. शिवकन्येनं हळद-कुंकू लावलं, तात्यानं इकलेल्या बैलांची घुंगरमाळ ट्रकच्या तोंडाला बांधली. उमापूरला पहिला नारळ फोडायला म्हणून शिवकन्या आणि तात्याही गाडीत बसले. रामेश्वरनं ट्रक हलवला. दारातल्या लिंबाच्या फांदीत पोकलेनचं डोकं गेलं आणि गाडी थांबली.

तात्या म्हणला, "शिवकन्ये, कोयता आण गं."

"तात्या, मी म्हणलं होतं..."

"ऊस न्हाई तोडायचा. फांदी हाय."

तिनं कोयता आणला. मी पोकलेनच्या केबिनमधे बसलेला, रामेश्वर ट्रकात. मंग वर कोण चढणार? तात्या? तिनं पदर खोचला, वर चढली, फांदी तोडली. खाली उतरती तोच पुढची फांदी. मंग ती उतरलीच न्हाई.

गावाच्या शिवंवर आमची कमान. आमच्याकडं गावाला पाणी नसलं तं चालतं, कमान पाहिजे. वर मोठ्या अक्षरात 'आपले सहर्ष स्वागत'. आमचं डोकं बरोबर 'सहर्ष'ला टेकलं.

सरपंच धावत आले. "बंकट, हर्षाला खरचटलं तं भरून द्यावं लागंल!"

"मंग हायवेनं जाऊ," मी म्हणलं.

रामेश्वर म्हणला, "हायवेला जायाला तं कमानीतनंच जायाचंय ना बे. आन् हायवेला एवढी उंची घेऊन गेलो तं पहिलाच आरटीओ साहेब गाडी बाजूला लावील. आतल्या रस्त्यानंच चल."

आमी चाकांतली हवा सोडली. तरी चार बोटं कमी. तात्या म्हणला, "बैल असता तं त्यानं मान खाली घातली असती."

"तात्या, बैल असता तं आपुन इथं असतो का?"

मंग जे केलं ते सांगायला लाज वाटती. पोकलेन उतरवायला उतार पाहिजे. उतार न्हाई. मंग पोकलेननंच वरनं हात लांब करून कडेची माती उकरली, ट्रेलरच्या मागं ढीग केला आणि ढिगावरनं मी खाली उतरलो. रिकामा ट्रक कमानीतनं पलीकडं. मागून पोकलेन. डांबर उकरू नये म्हणून गावातल्या समद्या जुन्या टायरी त्याच्या पायाखाली, मागच्या उचलायच्या आणि पुढं टाकायच्या. पलीकडं गेल्यावर पुन्हा माती उकर, पुन्हा ढीग कर, पुन्हा चढ. हवा मारणाऱ्याला फोन कर. घरापासनं कमानीपलीकडं पोचायला अर्धा दिवस गेला. घराचा पत्रा अजून दिसत होता.

आणि आतल्या रस्त्याला प्रत्येक गावाला कमान.

दुसऱ्या गावात ढिगासाठी माती उकरली ती निघाली भिवराबाई नावाच्या म्हातारीच्या बांधाची. ती हातात चिमटा घेऊन आली. मी म्हणलं, "मावशी, खड्डा लगेच बुजवून देतो."

"बुजवला तं बघ! खोल कर. मला उकिरड्याला पाहिजेच होता."

"मावशी, आमाला उशीर होतोय."

"मंग माझ्या बांधाला कावून हात लावला?"

खोल केला. तिच्या शेजाऱ्यानं बघितलं, तो म्हणला मलाही एक. तिसऱ्या गावात आमचा ढीग तयार झाला आणि धनगराच्या शेळ्या त्याच्यावरनं चढून ट्रेलरवर जाऊन बसल्या. खाली उतरंनात. धनगर म्हणला, "बसू द्या, त्यांला हवा आवडली." वरनं शिवकन्या कोयता उगारून शेळ्यांला हाकलती, मी हॉर्न वाजवतो, आणि तात्या खाली उभा राहून एका बोकडाला न्याहाळतोय. "छाती चांगली हाय," म्हणला.

"तात्या, बोकडाकडं बघू नका! पुढं बघा!"

"पुढं काय बघू? कमानच हाय."

रातभर कमानी ओलांडीत गुरुवारी सकाळी आमी गेवराईच्या अलीकडं होतो. फोन वाजला. विजयसिंह.

"काय बंकटराव, कुठवर?"

"जवळच हाय, साहेब."

"जवळ राहा. दुसरी मशीन आली माझी. लो-बेडवर. कशी अलगद आली बघ, कमानीखालनं सुळ्ळकन. तुझ्या उंच गाडीचं ऐकलं मी. गावागावात चर्चा हाय." आणि फोन ठेवला.

 शिवकन्या पोकलेनच्या डोक्यावर बसली होती. तिनं मांडीवरच्या कोयत्याकडं बघितलं. धारेला लिंबाचा चीक लागलेला. मी खाली मान घातली. बैलालाच घालता येती असं न्हाई.

"वळीव गाडी," मी रामेश्वरला म्हणलं.

"कुठं वळवू? एवढ्याशा रस्त्यावर एवढा ट्रेलर? वळायला जागा आता उमापूरच्या तळ्यापाशीच. त्याच्या आधी न्हाई."

म्हणजे काम गेलं ते गेलं, आता नुसतं गाडी वळवायला उमापूरला जायाचं! तात्या बोलायला तोंड उघडीत होता. "तात्या," मी म्हणलं, "'जोडी' म्हणलात तं मी इथंच उतरून पायी घरी जाईन."

तात्यानं तोंड मिटलं. मिटल्या तोंडानं घुंगरमाळ नीट केली.

दुपारी उमापूरच्या तळ्याशी आलो. तळ्यात मशीन चालायचा आवाज न्हाई. बांधावर हीऽऽ गर्दी. ट्रॅक्टरांची रांग. आणि बांधाच्या मधोमध, चढावर, तो लो-बेड. पुढची चाकं बांधाच्या आतल्या बाजूला लोंबकळलेली, मागची बाहेरच्या बाजूला, आणि खालचं पोट बांधाच्या माथ्यावर टेकलेलं. वर मशीन कलती होऊन बसलेली. खाली उतरवावी तं उलटायची भीती. तळ्यात जायाची वाट तेवढी एकच, आणि ती बंद.

बाजूला विजयसिंह, पांढरे कपडे गुडघ्यापर्यंत गाळानं माखलेले.

तात्या उतरला. काठी टेकीत लो-बेडभोवती गेला. पोटाला काठी लावली. मी मनातल्या मनात हात जोडले, देवा, हा माणूस आता बोलू नये.

"बसला," तात्या म्हणला.

"बाबा, बाजूला व्हा, टेन्शन हाय इथं," विजयसिंह म्हणला.

"टेन्शन कावून घेता? बसका होता, बसला. उठायचा न्हाई. जात तशी."

इतक्या गावांत उतार करून-करून माझा हात बसला होता. इथं तं बांधाचाच उतार होता. मी पोकलेन उतरवला, त्याच्या बकेटीनं लो-बेडच्या पोटाखालचा माथा हळूहळू खरवडला, साखळी लावून लो-बेड मागं ओढला. लो-बेडवाल्यानं आपली गाडी मोकळी झालेली बघितली, तळ्याला लांबूनच हात जोडले आणि मशीन घेऊन घरचा रस्ता धरला. त्या बांधावर पुन्हा चढायला तो कबूल होईना.

विजयसिंहानं मला बघितलं, माझ्या पोकलेनला बघितलं, मंग वर शिवकन्येला बघितलं. "त्या बाई वर काय करतेत?"

"कोयता हाय आमचा," रामेश्वर म्हणला.

"बरं. लागा कामाला."

शिवकन्येनं नारळ फोडला. खोबरं वाटायला तात्या पुढं. प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवताना एकच वाक्य, "बैल काय आन् ट्रेलर काय, आधी पोट बघायचं." लोकं मान हलवीत होती. एकानं तं त्याचा फोन नंबर मागितला, त्याला ट्रॅक्टर घ्यायाचा होता. मला एवढंच सांगायचं होतं की हा माणूस चुकला होता, पुराव्यासकट चुकला होता, रस्त्यातल्या प्रत्येक गावात पुरावा उभा हाय. पर बांधावर कोण ऐकतं?

गाळाची पहिली ट्रॉली भरली आणि विजयसिंह जवळ आला. "बंकट, हे झालं की शिरूरकडं काम हाय. घेतो का?"

मी हो म्हणणार तेवढ्यात शिवकन्येनं इचारलं, "साहेब, तिथं जाताना कमानी किती?"

"कमान नसलेलं गाव हाय का आपल्याकडं, ताई?"

 शिवकन्येनं पदरानं कोयता पुसला आणि ट्रकच्या केबिनमधे, हाताशी येईल असा खिळ्याला टांगला.

"दसऱ्याला टोळीत न्हाई जायाचं ना?" मी हळूच म्हणलं.

"टोळीत न्हाई," ती म्हणली. "टोळीत निदान झाडं नसतेत."

खालनं तात्या ओरडला, "शिवकन्ये, धार लावून ठीव गं त्याला. चिंचा लई हायेत पुढं."