कडुबांना न ऐकू आलेली घरघर

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो, आणि फार कुरकुर करते अशी माझी ख्याती आहे. चौदा वर्षांपूर्वी पडेगावच्या कडुबांनी मला घरी आणले. त्यांच्या पत्नी सुलेखाबाईंनी मला ओवाळले आणि मी त्या घरची झाले. कडुबा वाळूजच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करतात. मी त्यांना रोज नेते, आणते. खंडेनवमीला ते आधी प्रेसची पूजा करतात आणि घरी येऊन माझी. झेंडूचा हार गळ्यात पडला की मला स्वतःचाच हेवा वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पोटात घरघर सुरू झाली. सिग्नलला लोक वळून बघू लागले. कडुबा मात्र मजेत! शेजाऱ्यांनी सांगितले म्हणून त्यांनी बजाजनगरात क्लचप्लेटा बदलून घेतल्या. आवाज गेला का, असे मेकॅनिकने विचारले, तर हे म्हणाले, गेला. कसला जातोय! सहा महिन्यांनी पुन्हा प्लेटा बदलल्या, पुन्हा तेच उत्तर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मला रडू यायचे.

शेवटी सुलेखाबाईंनी त्यांना छावणीतल्या मोतीराम मिस्त्रींकडे पाठवले. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवले. क्लच दाबला की घरघर थांबायची, सोडला की सुरू व्हायची. मग त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या गिअरबॉक्सला टेकवले आणि त्याची मूठ आपल्या कानाला लावली. प्लेटा ठणठणीत होत्या. आतले बेअरिंग झिजले होते. कडुबांनाही कळावे म्हणून त्यांनी ती मूठ त्यांच्या कानाला लावली. क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. दर वेळी कडुबा म्हणाले, "व्हय, येतोय."

मिस्त्रींनी इंजिन बंद केले आणि ते कडुबांच्या समोर येऊन उभे राहिले.

"कडुबा, गाडीचं सोडा. तुम्हाला कधीपासून ऐकू येत नाय?"

मग कडुबांनी सगळे खरे सांगून टाकले. कंपनी कानात घालायला बोळे देते. पण प्रेस नीट चालतो की नाही हे आवाजावरूनच ओळखायचे, बोळे घालतो तो कच्चा कामगार, असे तिथले जुने लोक म्हणत. कडुबांनाही कच्चे म्हणवून घ्यायचे नव्हते. सतरा वर्षे ते प्रेसच्या दणदणाटात उघड्या कानांनी उभे राहिले. आता समोरचा माणूस बोलला तर ओठांवरून थोडे कळते, एवढेच.

"कुणाला सांगू नका, मिस्त्री. प्रेसवरून काढतील. घरी बी माहीत नाय."

माझे बेअरिंग बदलले गेले. मी गप्प झाले, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

त्या रविवारी आम्ही पिशोरला निघालो. सुलेखाबाई मागे बसल्या होत्या. दौलताबादच्या अलीकडे त्या हळूच म्हणाल्या, "आपल्या तनुला वाटतं, तुम्ही तिच्यावर रुसलात. पोरगी हाका मारती, तुम्ही वळून बघत नाय. खरंच रुसलात का?"

मागून काहीतरी बोलणे झाले, एवढे कडुबांना जाणवले असावे. त्यांनी मान डोलावली.

"व्हय, व्हय."

सुलेखाबाईंनी त्यांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. खरे काय ते मला माहीत होते, पण मला कुठे सांगता येते? मित्रांनो, तुमच्या घरात कुणी हाकेला ओ देत नसेल, तर रागावू नका. उठा, त्यांच्या समोर जाऊन उभे राहा, आणि तीच हाक पुन्हा मारा.