रंगाऱ्याचा पातळ लेप

मित्रांनो, मी एक जुनी सनस्क्रीनची ट्यूब आहे. माझ्या पोटात झिंक ऑक्साइड नावाच्या खनिजाची पिठाहून बारीक पूड कालवलेली आहे. कारखान्याच्या थंड, निर्जंतुक दालनात मला भरले, तेव्हा ऊन कसे असते हे मला ठाऊक नव्हते. आता त्याच्यावाचून दुसरे काही आठवत नाही.

मी एका रंगाऱ्याच्या घरी आले. उंच इमारतींच्या गच्च्यांवर उष्णता अडवणारा पांढरा रंग देणे, हे त्याचे काम. त्याच्या कानाच्या पाळीवर एक खपली होती, कधीच न भरणारी. डॉक्टरीणबाईंनी ती कापून काढली.

“कर्करोगाची सुरुवात होती, वेळेत सापडली,” मला पुढे करत त्या म्हणाल्या. “पुन्हा उठली तर कान वाचेलच असं नाही. टोपी घाला. हे जाडसर लावा, दर दोन तासांनी. घाम पुसलात की परत.”

रंगाऱ्याच्या बायकोने मला मुठीत घट्ट धरले.

पहिल्या दिवशी गच्चीवर माझे कौतुक झाले. बरोबर काम करणारा धाकटा भाऊ खिदळला, “दादा, पिठाच्या डब्यात तोंड घातलंस का रे?”

“हस, लेका. भिंतीला रंगाआधी प्रायमरचा हात, तसं मला हे.”

त्या थट्टेतच घात दबा धरून बसला होता. रंगाऱ्याने मला रंगच समजले. “पांढऱ्यावर ऊन आदळतं नि परत जातं. एक हात मारला की झालं. गच्ची काय आपण दर दोन तासांनी रंगवतो?” जाड थराचे पोपडे निघतात, हा त्याचा धंद्यातला अनुभव; म्हणून तो झाकणात तेल घेऊन मला पातळ करू लागला. टोपी खुंटीवरच राहिली.

मित्रांनो, मी आरसा नव्हे. घातक किरणांतले थोडेच मी परतवते. बाकीचे जवळजवळ सगळे मी गिळते. त्यासाठी माझ्या कणांना दाटीने, खांद्याला खांदा लावून उभे राहावे लागते. तेलात ते पांगले. उरलेसुरले घामाबरोबर मानेवर ओघळले, रुमालात गेले. कान मात्र पांढुरका दिसत राहिला आणि त्या फसव्या पांढुरकेपणातून ऊन निःशब्दपणे आत शिरत राहिले.

तो मला तापल्या कठड्यावर ठेवी. माझ्या पोटात पाणी वेगळे झाले, गाळ वेगळा. भावाने नाक मुरडले, तर रंगारी म्हणाला, “खनिज आहे ते. दगड कधी नासतो का?”

मग काही महिन्यांनी एका संध्याकाळी बायको ओल्या फडक्याने त्याच्या कानावरचे रंगाचे शिंतोडे पुसत होती. एक शिंतोडा हलेना.

“घास की जरा,” तो म्हणाला.

तिने घासले. फडक्यावर लाल उमटले.

“अहो, हा रंग नाही.”

सकाळी दवाखान्यात न्यायला म्हणून तिने मला उचलले, तळहातावर तोलले. मी जड लागले.

“ही तर केव्हाच संपायला हवी होती,” ती हळूच म्हणाली. “इतकी उरलीच कशी?”

रंगाऱ्याने खुंटीवरची टोपी काढून हातात घेतली.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपून वापरा. मी उलटे मागणे मागते. मला जपू नका. सढळ हाताने, पुन्हा पुन्हा लावा आणि संपवून टाका. मी उरले, तर तुमच्यातले काहीतरी जाते.