आप्पांचा कान

महिपतीने चप्पल दाराशी काढली, गालिच्यावरून अनवाणी जाऊन वूफरच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "आता लाव."

दुकानाचा मालक श्रीशैल गोंधळला. नवी पेठेतल्या त्याच्या दुकानामागे ही खास आवाज ऐकायची खोली होती. गिऱ्हाईक इथे यायचं, सोफ्यावर टेकायचं, मान डोलवायचं आणि भाव पाडून मागायचं. डब्याला हात लावून ऐकणारं गिऱ्हाईक त्याला आज पहिल्यांदाच भेटलं होतं.

"काका, सोफ्यावर बसा की. आवाज तिथंच नीट येतो."

"मला हितंच बरं हाय."

"लावा तुम्ही," महिपतीचा पोरगा अभिमन्यू हसत म्हणाला. "आप्पांची पद्धतच तशी आहे. एकतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, माग दुरुस्त करायचे. तीस माग एकदम चालू असताना नुसतं दारात उभं राहून सांगायचे, कुठल्या मागात काय बिघडलंय ते. मी शाळेतून डबा घेऊन जायचो, तेव्हा डोळ्यांनी बघितलंय."

पोराचं हे सांगणं खोटं नव्हतं, फक्त जुनं झालं होतं. महिपती एकोणिसाव्या वर्षी मंद्रूपहून सोलापुरात आला आणि अक्कलकोट रोडच्या त्या शेडमध्ये शिरला, तो कारखाना बंद पडला तेव्हाच बाहेर पडला. सुरुवातीची वर्षं तो खरोखर कानाने माग ओळखायचा. पुढे मागांनीच ते कान खाऊन टाकले. मग तो मागाच्या लोखंडावर हात ठेवून थरथर ओळखू लागला. बघणाऱ्यांना वाटे, ही उस्तादाची लकब. महिपतीनेही तो समज कधी खोडून काढला नाही.

आणि इथेच सगळं घोडं पेंड खात होतं. घरातला टीव्ही तो पन्नासवर लावायचा. शेजारचे बोलू लागले, तेव्हा त्याने सरळ टीव्हीवर ढकललं. म्हणाला, ह्या टीव्हीला आवाजच न्हाय, माणसं तोंडातल्या तोंडात बोलत्यात. मग रोज संध्याकाळी मालिका सुरू झाली की तो बाहेर पायरीवर जाऊन बसायला लागला. अभिमन्यू हे वर्षभर बघत होता. चिंचोळीच्या कंपनीतल्या पगारातून त्याने वीस हजार बाजूला काढले आणि आज सुट्टी काढून आईबापाला घेऊन दुकानात आला. बापाला पायरीवरून आत आणायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. बापाच्या एका थापेवर पोरगं वीस हजार घालायला निघालं होतं.

त्यात ते दुकानात आल्या आल्याच श्रीशैलने थापेवर शिक्का मारला होता. "नव्या टीव्हीला आवाज नसतोच काका. पातळ झालेत ना, स्पीकरला जागा कुठली राहणार?"

महिपतीची एकच समजूत होती, आणि तीच त्याला धीर द्यायची. बजाबाईचं बोलणं त्याला अजून शब्दन् शब्द ऐकू यायचं. म्हणजे कान अगदीच गेलेले नाहीत. बायकोचं ऐकू येतंय तोवर माणसाने स्वतःला बहिरा म्हणू नये.

श्रीशैलने पहिला सेट लावला. पाच छोटे स्पीकर आणि गुडघ्याएवढा वूफर. "सोलापुरात हाच जास्त खपतो. लोकांना धमधम लागते."

धमधम तळहातातून कोपरापर्यंत चढली. महिपतीचं तोंड उजळलं. मग त्याने भुवया आवळल्या, हात डब्याच्या बाजूवरून खाली नेला आणि एका जागी थांबवला.

"ह्याच्यात कायतरी ढिलं हाय. हितं, उजवीकडं, खालच्या कोपऱ्यात."

"नवा पीस आहे काका."

"नवा आसंल. पर ढिला हाय."

श्रीशैलने कुरकुरत गाणं थांबवलं, डबा उलटा केला आणि पेचकस लावला. खालच्या पट्टीचा एक स्क्रू बोटाने फिरला. तो उठून महिपतीकडे बघतच राहिला. "काका, मी बारा वर्षं ह्या धंद्यात आहे. माझ्या कानाला नाही कळलं."

"मी काय सांगत होतो?" अभिमन्यू म्हणाला. कौतुकाने त्याचा आवाज चढला होता. तो चढलेला आवाज महिपतीला तुकड्या-तुकड्याने ऐकू आला, बाकीचं त्याने पोराच्या चेहऱ्यावरून जुळवलं. अंगावर मूठभर मांस चढलं. पण आता तर खरं सांगणं आणखी अवघड होऊन बसलं.

दुसरा सेट जरा वेगळा होता. वूफर लहान, पण पुढचे दोन स्पीकर चांगले हातभर उंच, आणि टीव्हीखाली ठेवायचा एक आडवा. श्रीशैलने त्या आडव्यावर टिचकी मारली.

"हा मधला महत्त्वाचा. सिनेमातली माणसं ह्याच्यातून बोलतात. धमधम कमी आहे, पण बोलणं स्वच्छ. आता मी एकच सीन दोन्हीवर लावतो. काका, तुम्हीच सांगायचं, बोलणं कशात नीट कळतं."

"आप्पा म्हणतील तो घ्यायचा," अभिमन्यूने जाहीर करून टाकलं.

पडद्यावर पाऊस पडत होता आणि एक बाई खिडकीकडे तोंड करून उभी होती. ती बोलत असावी, कारण तिचे खांदे हलत होते. महिपतीला तिचे ओठ दिसेनात. तळव्याखाली पावसाची घरघर तेवढी येत होती. सीन संपला. श्रीशैलने बटणं फिरवून तोच सीन दुसऱ्या सेटवर लावला. पुन्हा तोच पाऊस आणि तीच पाठमोरी बाई. महिपतीला दोन्हींत काडीचा फरक कळला नाही.

श्रीशैल आणि अभिमन्यू दोघे त्याच्याकडे बघत होते. बोलून टाकावं का? महिपतीने ओठ उघडलेही. तेवढ्यात त्याची नजर दोघांच्या पलीकडे दाराशी उभ्या असलेल्या बजाबाईवर गेली. आल्यापासून ती गप्पच होती.

"दुसऱ्यात," ती म्हणाली. "बाईचं बोलनं दुसऱ्यात कळतंय."

पाऊस कोसळतच होता, तरी तिचं बोलणं त्याला लख्ख कळलं. अभिमन्यूने किंवा श्रीशैलने वळूनसुद्धा पाहिलं नाही. ह्या गलक्यात त्यांना ऐकू गेलं नसेल, असं महिपतीला वाटलं. नवराबायकोचं बोलणं शेडमध्येच जुळलं होतं. बजाबाई तिथे अकरा वर्षं सुताच्या कांड्या भरायला होती. तीस मागांच्या खडखडाटात घसा ताणून उपयोग नसायचा. तिथे सगळेच नुसते ओठ हलवून बोलायचे आणि शेडभर गप्पा चालायच्या.

"दुसऱ्यात," महिपती म्हणाला. "बाईचं बोलनं दुसऱ्यात कळतंय."

"बरोब्बर," श्रीशैलने मान डोलावली. "काकांचा कान म्हणजे कान आहे." बिल करताना त्याने बजावलं, "खोकी आठ दिवस जपून ठेवा. सेट नाही पसंत पडला तर परत घेईन. पण खोकं फाटलेलं नको."

"पसंत नाही पडायला काय झालं?" अभिमन्यू म्हणाला.

दुपारी चारपर्यंत स्पीकर जागच्या जागी लागले. अभिमन्यूने मालिका लावली. खोली आवाजाने भरली, फडताळातली भांडी किणकिणली असावीत, कारण बजाबाईने जाऊन पातेल्यावर हात ठेवला. महिपती खाटेवर बसून नीट लक्ष देऊन बघत राहिला. तळपायाला वूफर कळत होता. पण माणसं आधीसारखीच बोलत होती, भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात बोलल्यासारखी.

"आता कळतं का नीट?" अभिमन्यूने समोर येऊन विचारलं.

"येकदम."

"मग आजपासून पायरी बंद. सगळ्यांनी मिळून बघायचं."

पोराचं तोंड इतकं फुललं होतं की महिपतीला ते बघवेना. अभिमन्यूने टीव्ही बंद केला, वायरी भिंतीला चिकटवायच्या म्हणून पंखाही बंद केला आणि टीव्हीखाली पाठमोरा बसला. एक वायर लावून झाली. खोकी उगाच जागा अडवतात म्हणून त्याने एकाची तळाची चिकटपट्टी कात्रीने कापायला घेतली.

"च्या ठेवू का?" बजाबाईने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"ठेव. साखर बेतानं," महिपती म्हणाला.

अभिमन्यूने मागे वळून पाहिलं. "काय आप्पा?"

"तुला न्हाय. आईला म्हनलो. च्याचं विचारतीय की ती."

"कधी?" अभिमन्यूने दाराकडे बघितलं. "आई तर काहीच बोलली नाही."

खोली गपगार होती. दार पोरापासून चार हातांवर. महिपतीने बजाबाईकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली नाही.

सकाळी भाकरी वाढताना ती समोर येऊन बसली होती. काल त्याचं कोपर हलवून आधी त्याला वळवलं, मग बोलली. दिवे गेले त्या दिवशी चिमणी स्वतःच्या तोंडाशी धरून बोलली होती, आणि तो तिच्यावर हसला होता. तिचा आवाज कसा होता, हे त्याने आठवून पाहिलं. आठवेना.

आवाज न काढता, शेडमध्ये बोलायचा तसं, त्याने नुसत्या ओठांनी विचारलं, "कवापास्नं?"

बजाबाईने चार बोटं वर केली. मग तिचेही ओठ हलले. "चार वर्सं. आता सांगा त्याला."

अभिमन्यू एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होता. त्याच्या हातातली कात्री खोक्याच्या कडेवर तशीच थांबली होती.

"अभिमन्यू," महिपती म्हणाला, "ते खोकं फाडू नगंस." त्याने खाटेपुढची वायर पायाने बाजूला सारून जागा केली. "आन् हितं ये. असा माज्याम्होरं बस, तुजं त्वांड दिसंल असा."