आर्विडच्या रायफलीचा सोनेरी चाप

हारलन निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत वर्नाच्या घरातल्या निम्म्या वस्तू सोनेरी झाल्या. धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी ज्याचा जन्म गेला, तो माणूस रिकामा बसला की काहीतरी उचापती करणारच, हे तिला कळत होतं. पण हा टपालाने सोन्याचा मुलामा देण्याचा संच मागवेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. एक बॅटरी, तिच्या तारेला जोडलेली कापूस गुंडाळलेली लेखणी आणि सोन्याच्या पाण्याच्या बाटल्या. सुरुवात पट्ट्याच्या बकलापासून झाली. मग ट्रकची किल्ली, मग चमचे, मग न्हाणीघराच्या दाराची कडी. कडीपर्यंत वर्नाने दातओठ खात सोसलं.

शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या सकाळी ती कोंबड्यांना दाणे टाकून आत आली आणि भिंतीवरच्या खुंट्यांकडे बघून जागच्या जागी थांबली. तिच्या बाबांच्या रायफलीचा चाप पिवळाधमक लखलखत होता.

ती रायफल बाबांची, म्हणजे आर्विड स्कोगस्टाडची. एक गोळी झाडली की बोटं अडकवायची ती खालची लोखंडी कडी पुढे ढकलून मागे ओढायची, म्हणजे पुढचं काडतूस चढतं, तसली जुनी लिव्हरची रायफल. कारखान्यातून आली तेव्हा तिच्या चापाला भट्टीत तापवून आणलेला मोरपंखी निळा रंग होता. आर्विडच्या बोटाने हंगामामागून हंगाम घासून तो पुढच्या बाजूने पार उडवला आणि तिथे करड्या लोखंडाचा गुळगुळीत पट्टा राहिला. आर्विड गेल्यापासून रायफल रिकामी करून खुंट्यांवर टांगलेली होती. वर्नाने शिकारीला जाणंही सोडलं होतं. पण रोज सकाळी भांडी विसळून झाली की ती भिंतीपाशी जायची आणि त्या करड्या पट्ट्यावर आपलं बोट टेकवायची. बाबांचे कपडे वाटून टाकले होते, गुरं विकली होती, त्यांचा आवाजसुद्धा तिला आता नीट आठवत नव्हता. बाबांना हात लावायला एवढी एकच जागा उरली होती, आणि आता तिथे सोनं होतं.

हारलन टेबलापाशी कॉफी पीत बसला होता. ती काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "छान दिसतंय की नाही? घर कसं उजळल्यासारखं वाटतंय."

वर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोंटानाच्या त्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही जुन्या रायफलीवरच्या वापराच्या खुणा पुसत नाही, आणि हा माणूस इतकी वर्षं इथे राहून शेवटी शहरातला तो शहरातलाच राहिला, हे तिने त्याला ऐकवलं. त्याच्या आईलाही मधे ओढलं, जी बिचारी केव्हाच वर गेली होती. हारलनने सगळं ऐकून घेतलं. वाद घालणं हा त्याचा आवडता उद्योग. पण त्या दिवशी तो कपात बघत, "मला वाटलं चांगलं दिसेल," एवढंच म्हणत राहिला. त्यामुळे ती आणखीच भडकली. भांडायला निघालेल्या माणसासमोर कुणी असं मेंढरासारखं बसलं तर करायचं काय? तिने रायफल उतरवली, घोंगडीत गुंडाळली आणि ट्रक काढला.

मायलो रुझिच तिच्या वर्गातला. बंदुका दुरुस्त करण्यात केस पिकलेला, आणि तोंडाचा फटकळ. हंगाम दुसऱ्या दिवशी उघडायचा म्हणून त्याच्या दुकानात मोंटानातला अर्धा जिल्हा लोटला होता. ज्यांना वर्षभर बंदुकीची आठवण होत नाही, त्यांना नेमकी याच दिवशी होते, असं मायलो दर माणसागणिक म्हणत होता. वर्नाने घोंगडी उलगडली आणि रांगेतल्या एका नारिंगी टोपीवाल्याने मान लांब केली.

"ही कशाच्या स्मरणार्थ, वर्नाबाई?"

दोघंतिघं हसले. कारखाने कशाकशाच्या स्मरणार्थ सोनेरी चापाच्या रायफली काढतात आणि हौशी लोक त्या घेऊन दिवाणखान्यात लावतात. त्यांच्यातून कधी गोळी सुटत नाही. तसल्या रायफलीचं नाव निघालं की खोऱ्यात हशा ठरलेला. आर्विडच्या रायफलीवर ही वेळ यावी! वर्नाचे कान तापले. तिने टोपीवाल्याला त्याच्या गेल्या हंगामातल्या नेमबाजीची आठवण करून दिली आणि त्याने मान आत घेतली.

"हारलन?" मायलोने विचारलं.

"दुसरं कोण! हे सोनं काढ. आत्ताच्या आत्ता. मला होतं तसं हवंय."

"सोनं निघेल. होतं तसं कसं होईल ते बघावं लागेल."

रांग कुरकुरत असताना त्याने रायफल मागच्या खोलीत नेली. वर्ना त्याच्यामागून गेली. त्याने स्क्रू काढले, खीळ ठोकून बाहेर काढली आणि चाप सोडवून तिच्यासमोर फडक्यावर ठेवला. त्याचा वरचा भाग एरवी रायफलीच्या पोटात असायचा. तिथे कुणाचं बोट पोचलं नव्हतं आणि हारलनची लेखणीही. तिथला निळा रंग अजून काल भट्टीतून काढल्यासारखा होता. वर्नाने तो जन्मात पहिल्यांदाच पाहिला. मायलोने खालच्या भागाच्या एका कोपऱ्यातलं सोनं बारीक दगडाने घासून काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि चाप उजेडाकडे धरून फिरवला.

"हे बघ," शेवटी तो म्हणाला. वर्नाने भिंगातून पाहिलं. लोखंडात बारीक बारीक खड्डे होते, देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यावर असतात तसे.

"हे त्याने केलं?"

"मुलाम्याने असे खड्डे पडत नाहीत. हा गंज आहे, आणि तो जुना नाही. तुझा बाप शिकारीहून आला की आधी रायफलीला तेल द्यायचा, मग जेवायला बसायचा. त्याच्या हातून हे झालेलं नाही. ओलं बोट लावायचं आणि न पुसता तसंच सोडायचं, असं कुणीतरी रोज केलंय. ज्याने सोनं चढवलं त्याने आधी हा गंज एकेका खड्ड्यातून कोरून काढलाय. मग निकेलचा थर, त्यावर सोनं. मला चिडायचं होतं त्याच्यावर, पण काम नीट केलंय गाढवाने."

वर्नाने आपल्या हाताकडे पाहिलं. भांडी विसळून झाल्यावर तिला कधी हात पुसायची सवय नव्हती. आई होती तोवर आई ओरडायची, मग हारलन ओरडू लागला.

"बाबांचा तो पट्टा..." ती म्हणाली.

"तो सोनं चढायच्या आधीच गेला होता, वर्ना. निळा रंग मी पुन्हा आणून देतो, म्हणशील तर. पण तो माझा होईल. आर्विडचा नाही."

तिने त्याला रायफल होती तशी जोडून द्यायला सांगितलं. ट्रकमध्ये बसून तिने दार लावलं आणि ढसाढसा रडली. बाबांची शेवटची जागा तिने स्वतःच्या हाताने, रोज थोडी थोडी, खाऊन टाकली होती. आणि सकाळी तिने कुणाला काय काय म्हटलं होतं!

घरी हारलन बटाटे सोलत होता. तिने रायफल टेबलावर ठेवली.

"गंज चढलाय हे तुला ठाऊक होतं."

तो बटाट्याशी बोलल्यासारखा म्हणाला, "मायलोला तोंड आवरत नाही."

"मला सांगायला काय झालं होतं? सकाळपासून शिव्या खात बसलास!"

"सांगितलं असतं तर तू बोट ठेवायचं सोडलं असतंस."

"मग तेल लावायचं! रायफलीला तेल लावतात, हारलन, सोनं नाही."

"लावत होतो की. तू झोपलीस की रोज लावत होतो. तू सकाळी पुन्हा ओल्या हाताने. किती वेळा सांगितलं, हात पुस, हात पुस. ऐकतेस तू कधी?" त्याने सुरी खाली ठेवली. "सोन्याला गंज धरत नाही. म्हटलं, आता ठेव किती ठेवायचं ते."

वर्नाने त्याला गाढव म्हटलं, आणि तो सोनेरी बकल घालून चर्चमध्ये यायचं नाही म्हणूनही सांगितलं. मग तिने रायफल उचलून खुंट्यांवर टांगली आणि चापावर बोट टेकवलं. ते बाबांसारखं मुळीच लागत नव्हतं. मागे हारलन पुन्हा बटाटे सोलू लागला होता, साली नेहमीसारख्या जमिनीवर टाकत. तिने बोट तसंच राहू दिलं.